किट की तयार इंजिन? एका छंदाच्या इतिहासात कोणाचे तास मोजले जातात

१९२० साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने चावीवर चालणारी एक छोटी आगगाडी बाजारात आणली. कंपनीचा मालक फ्रँक हॉर्नबी. याच माणसाने १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे लहानपणी ज्याला सरसकट 'मेकॅनो' म्हणतात तो हाच खेळ. तर या नव्या गाडीचं इंजिन खोक्यातून काढलं, चावी दिली, रुळावर ठेवलं की पळायचं. म्हणजे तयार माल. पण ते जोडलेलं होतं मेकॅनोच्याच नट-बोल्टांनी. पोराला वाटलं तर त्याने ते सुटं करावं, परत जोडावं, मोडलेला भाग नवा आणून बसवावा, अशी सोय मुद्दाम ठेवलेली होती.

आता सांगा, हे इंजिन 'किट' म्हणायचं की 'तयार'?

माझा पीएचडीचा विषय विसाव्या शतकातल्या ब्रिटनमधले छंद आणि श्रम हा आहे. घरी हे सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "खेळण्यातल्या गाड्यांवर पीएचडी? आणि ती पण विलायतेतल्या?" त्याला मी आता उत्तर देत नाही. पण मागच्या लेखानंतर पेटची तयारी करणाऱ्या दोघातिघांनी विचारलं होतं की एखाद्या साध्या वस्तूपासून रिसर्च क्वेश्चनपर्यंत पोचायचं कसं. त्यांच्यासाठी हा लेख. वस्तू आहे रेल्वे इंजिनाचं छोटं मॉडेल, आणि वाद आहे छंदी मंडळींमधला शंभर वर्षांहून जुना: इंजिन सुट्या भागांचं किट आणून स्वतः जोडायचं, की तयार विकत घ्यायचं?

या वादात दोन्ही बाजूंची भाषा पाठ झाल्यासारखी असते. किटवाले म्हणतात, हाताने केलं तेच खरं. तयारवाले म्हणतात, मला गाड्या चालवायच्यात, आयुष्य कानशीवर घालवायचं नाही. अभ्यासकाला मोह असा होतो की एका बाजूला 'कौशल्य' आणि दुसऱ्या बाजूला 'पैसा' असे दोन रकाने आखायचे आणि सापडेल तो पुरावा त्यांत भरत जायचं. सिनॉप्सिसमध्ये हे छान दिसतं. पण १९२० चं हॉर्नबी इंजिन कुठल्याच रकान्यात नीट बसत नाही, आणि जी वस्तू रकान्यात बसत नाही तिथूनच काम सुरू करावं असं माझं मत आहे. रकाने कोणी आखले, कधी आखले, आणि कोणाच्या सोयीने, हे शोधायला लागलं की विषय उघडतो.

न्यूरेंबर्गचा माल, नॉर्थॅम्प्टनचं नाव

थोडं मागे जाऊ. जानेवारी १८९८ मध्ये लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शलने 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केलं. त्याच सुमाराला नॉर्थॅम्प्टन गावात वेनमन जोसेफ बॅसेट-लोक या तरुणाने टपालाने मॉडेलं आणि त्यांचे भाग विकायचा धंदा उभा केला. वडिलांचा व्यवसाय बॉयलर बनवण्याचा, त्यामुळे धातूची ओळख घरचीच. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जर्मन कारखानदारांचं काम पाहिलं आणि मग न्यूरेंबर्गच्या बिंग आणि कारेट या कंपन्यांकडून ब्रिटिश इंजिनांसारखी दिसणारी मॉडेलं बनवून घेऊन विकायला लागला.

म्हणजे बघा, एकाच दुकानात दोन गिऱ्हाइकं. एक जण पैसे मोजून न्यूरेंबर्गला जोडलेलं, रंगवलेलं इंजिन घेतो. दुसरा ओतीव भाग आणि नकाशे मागवतो आणि घरामागच्या शेडमध्ये लेथवर बसतो. पहिल्याचं इंजिन 'विकतचं', दुसऱ्याचं 'हातचं'. पण पहिलंही हातचंच होतं की! हात फक्त न्यूरेंबर्गच्या कामगाराचे होते आणि खोक्यावर नाव नॉर्थॅम्प्टनच्या दुकानदाराचं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते परत लागणार आहे.

पहिलं महायुद्ध आलं, जर्मन माल बंद झाला, कारेटचा कारखाना १९१७ मध्ये मिटला. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये 'जर्मन खेळणं' ही शिवीच होती. हॉर्नबीची १९२० ची गाडी या पोकळीत आली. नट-बोल्टांची रचना ही नुसती शैक्षणिक हौस नव्हती. कंपनीकडे पट्ट्या आणि बोल्ट बनवायची यंत्रं होती आणि 'मेकॅनो म्हणजे मुलगा स्वतः बनवतो' ही जाहिरातीची भाषाही तयार होती. पुढच्या काळात हॉर्नबीच्या गाड्या पत्र्याच्या नेहमीच्या पद्धतीने घडू लागल्या आणि नट-बोल्ट मागे पडले. किटपणा आला तसा गेला, आणि गिऱ्हाइकाच्या कौशल्यात तेवढ्या वर्षांत काही उलथापालथ झाली होती असं मानायला जागा नाही.

याच काळात 'मॉडेल इंजिनिअर'च्या पानांवर 'एल.बी.एस.सी.' या टोपणनावाने कर्ली लॉरेन्स लिहू लागला. टोपणनाव म्हणजे लंडन ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेची आद्याक्षरं. त्याचा दावा असा की अगदी छोटं इंजिनसुद्धा कोळशावर चालून माणसांना ओढू शकतं. त्यावरून हेन्री ग्रीनली आणि बॅसेट-लोकच्या बाजूशी झालेला वाद 'बॉयलरांची लढाई' म्हणून प्रसिद्ध आहे. मला त्या लढाईपेक्षा त्याची लिहिण्याची पद्धत जास्त महत्त्वाची वाटते. हप्त्याहप्त्याने, गप्पा मारल्यासारखं, 'आता हा भाग चकमध्ये धर' अशा सुरात तो एकेका इंजिनाची संपूर्ण कृती द्यायचा. स्वयंपाकाच्या पुस्तकात असते तशी. वाचणाऱ्यांत साध्या लेथवर काम करणारे पुष्कळ असत. १९६७ साली तो वारला, पण त्याच्या नकाशांवरून आजही इंजिनं बनतात.

लॉरेन्सच्या वाचकाच्या नजरेने पाहिलं तर पुढे पन्नास-साठच्या दशकात ज्याला लोक अभिमानाने 'किट बांधलं' म्हणू लागले, ते जवळजवळ तयारच होतं. भाग कोणीतरी ओतून दिलेले, आपण फक्त जोडायचे. ही उतरंड ध्यानात घ्या. प्रत्येक पिढी आपल्या खालच्या पायरीवर उभं राहणाऱ्याला 'विकतचा' म्हणते.

साच्याचा हिशेब

आता जरा तांत्रिक भाग, पण तो टाळता येत नाही. तुम्ही अर्थशास्त्राचे असाल तर आवडेल, नसाल तर नेटाने वाचा.

ब्रिटनमध्ये सर्वांत चाललेलं प्रमाण म्हणजे 'ओओ': खऱ्या एक फुटाला ४ मिलिमीटर. असं इंजिन तळहातापेक्षा थोडंसं मोठं. ते प्लॅस्टिकमध्ये बनवायचं तर पोलादी साचा लागतो. साचा घडवायचा खर्च प्रचंड, पण एकदा झाला की त्यातून हजारो इंजिनं निघतात. म्हणून कारखाना इंजिन निवडतो ते खपणारं. १९५० च्या नाताळाला रोव्हेक्स कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानांसाठी प्लॅस्टिकचा ट्रेन सेट बनवला, त्यावर इंजिन होतं 'प्रिन्सेस एलिझाबेथ'. नावातच राजघराणं. पुढच्या वर्षी रोव्हेक्स लाइन्स ब्रदर्सकडे गेली आणि त्यातून 'ट्रायँग रेल्वेज' उभी राहिली. आधी एक्स्प्रेसची नामांकित इंजिनं आणि कुठेही शोभणारी छोटी शंटिंगची इंजिनं, हा क्रम सगळ्यांचा.

उरलेल्यांचं काय? ब्रिटनमध्ये १९२३ पूर्वी शंभराहून जास्त रेल्वे कंपन्या होत्या. कुठल्या तरी आडबाजूच्या मार्गावर मालडबे ओढणारं इंजिन, ज्याच्यावर जीव टाकणारे देशभरात काहीशेच लोक. त्याच्यासाठी पोलादी साचा कोण पाडणार?

इथे व्हाइटमेटलचं किट येतं. व्हाइटमेटल म्हणजे मुख्यतः कथील आणि शिसं यांचा मिश्रधातू, कमी उष्णतेला वितळणारा. रबराच्या साच्यात तो ओततात आणि साचा गरगर फिरवतात, म्हणजे धातू कानाकोपऱ्यात पोचतो. रबराचा साचा स्वस्त. दोन-चार माणसांच्या जागेत हा धंदा चालतो आणि थोड्या नगांतही परवडतो. पन्नासच्या दशकात केज आणि विल्स यांच्यासारख्या छोट्या कंपन्यांनी अशी किटं आणली.

आणि आता गंमत. विल्सची बरीच किटं फक्त वरच्या अंगाची होती. खालची चासी, म्हणजे मोटर, चाकं, गिअर, हे सगळं तुम्ही ट्रायँगचं 'जिन्टी' नावाचं तयार इंजिन विकत घेऊन त्यातून काढायचं. तयार इंजिनाचं टोपण उतरवायचं आणि त्यावर धातूचं नवं अंग चढवायचं. 'किट विरुद्ध तयार' म्हणता म्हणता एक दुसऱ्याच्या पाठीवर बसलेलं होतं! जो माणूस क्लबमध्ये 'हे मी बांधलंय' म्हणायचा त्याच्या इंजिनाचं हृदय ट्रायँगच्या मार्गेटमधल्या कारखान्यात कोणीतरी जोडलेलं होतं.

तेव्हा कौशल्यवान माणूस किट घेतो आणि आळशी माणूस तयार घेतो, हे सूत्र पुराव्यापुढे टिकत नाही. बऱ्याचदा माणूस किट घ्यायचा कारण त्याला हवं ते इंजिन दुसऱ्या कुठल्या रूपात मिळतच नव्हतं. निवड गिऱ्हाइकाच्या आधी साच्याने केलेली असायची.

सरकारने आखलेली रेघ

रकाने कोणी आखले, हा प्रश्न वर टाकला होता. त्याचं एक उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतं: करखात्यात.

ऑक्टोबर १९४० मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, ब्रिटनने 'पर्चेस टॅक्स' लावला. युद्ध संपलं तरी तो राहिला. हा कर तयार मालावर होता, सुटे भाग त्याच्या कचाट्याबाहेर राहू शकत होते. याचा परिणाम काय होणार ते कुठल्याही व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. साठच्या दशकात ट्रायँगने 'सी.के.डी.' नावाची मालिका काढली. अर्थ: पूर्णपणे सुटे केलेले. कारखान्यात रंगवलेले, छापलेले भाग खोक्यात घालून द्यायचे, गिऱ्हाइकाने घरी थोडी खटपट करून जोडायचे. कर वाचला, किंमत उतरली. ते जोडायला ना लेथ लागायचा ना लॉरेन्सची शिकवणी.

मोटारगाड्यांतही हेच. लोटस कंपनी आपली 'सेव्हन' ही गाडी किट म्हणून विकायची, कारण तयार गाडीवर कर होता. १ एप्रिल १९७३ ला पर्चेस टॅक्स जाऊन व्हॅट आला, ती पळवाट बुजली, आणि त्याच वर्षी लोटसने 'सेव्हन'चे हक्क केटरहॅमला देऊन टाकले.

संशोधनाच्या दृष्टीने हा माझा लाडका तुकडा आहे. का? समजा तुमच्याकडे साठच्या दशकातले कॅटलॉग आहेत आणि त्यांत किटांची संख्या वाढलेली दिसते. कराचा कायदा शेजारी ठेवला नाही तर तुम्ही बेधडक लिहाल की 'या दशकात हाताने बनवण्याची आवड वाढली'. वाक्य वाचायला गोड, संस्कृतीच्या इतिहासात शोभणारं. पण कॅटलॉग आवडीबद्दल फार कमी बोलतो. तो किंमत, कर आणि साचा यांच्याबद्दल बोलतो. छंदाचा इतिहास लिहिणाऱ्याने अर्थसंकल्पाची भाषणं वाचायला हवीत, हे कोणी वर्गात सांगत नाही.

दुसरा एक आकडा असाच फसवा आहे. १९५९ मध्ये रोझबड या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीने 'किटमास्टर' नावाने प्लॅस्टिकच्या इंजिनांची किटं आणली. मोटर नाही, गोंदाने जोडायचं, कपाटात ठेवायचं. तीन-चार वर्षांत सगळा पसारा एअरफिक्सला विकावा लागला. आज संग्राहक किटमास्टरची न जोडलेली किटं शोधत असतात. सीलबंद असेल तर सोन्याहून पिवळं. आता विचार करा: पन्नास वर्षांनी टिकून काय राहिलं? जे कोणी जोडलंच नाही ते. दहा वर्षांच्या पोराने गोंदाचे ओघळ आणत जोडलेलं इंजिन कचऱ्यात गेलं. म्हणजे संग्रहालयात किंवा लिलावात दिसणारी किटं ही 'लोक काय बांधत होते' याचा पुरावा होऊच शकत नाहीत. आणि किट विकलं गेलं म्हणजे बांधलं गेलं असंही नाही. कुठल्याही मॉडेलवाल्याच्या घरी माळ्यावरची खोकी मोजा. आपल्याकडे साड्या जशा 'फॉल-पिको करून नेसेन' म्हणून वर्षानुवर्षं कपाटात राहतात, तसंच.

बांधणं म्हणजे नक्की काय

श्रमाच्या इतिहासात काम नक्की काय होतं हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये. म्हणून थोडं टेबलावर वाकून बघू.

व्हाइटमेटलचं किट सोल्डर करायचं तर नेहमीचं सोल्डर आणि नेहमीची तापलेली सळई चालत नाही, भागच वितळून टेबलावर सांडतो. त्यासाठी साधारण ७० अंशांना वितळणारं खास सोल्डर असतं. सत्तरच्या दशकापासून रासायनिक कोरीवकाम केलेल्या पितळी पत्र्यांची किटं वाढली. पत्र्यावर आम्लाने आकार कोरलेले. जिथे घडी घालायची तिथे अर्ध्या जाडीची रेघ. खिळ्यांची डोकी मागून टोचून उठवायची. कागदी घरं करतो तसं, पण पितळात आणि तेही नखाएवढ्या भागांत.

या सगळ्यात अवघड जागा म्हणजे चाकं. वाफेच्या इंजिनात डाव्या बाजूचा क्रँक आणि उजव्या बाजूचा क्रँक यांच्यात ९० अंशांचा कोन असतो. एक बाजू अगदी टोकाला पोचून अडली तर दुसरी ढकलते. मॉडेलमध्ये मोटर गिअरने चाक फिरवते, सिलिंडर नुसते शोभेचे. तरी बाजूचे दांडे सगळ्या चाकांना बांधलेले असतात. तीन कण्यांपैकी एकाचा कोन किंचित वेगळा पडला की इंजिन लंगडतं: दोन पावलं जातं, अडखळतं, परत जातं. बांधणारे लोक सांगतात की कोन नेमका ९० नसला तरी भागतं, तिन्ही कण्यांवर मात्र तो सारखाच हवा. याला क्वार्टरिंग म्हणतात. हे जमेपर्यंत कित्येकांची कित्येक रविवारची दुपार गेली आहे.

बरं, हौसेचं मोल जरा बाजूला ठेवून नुसता पैसा पाहिला तरी किट स्वस्त पडतंच असं नाही. अनेक किटांच्या खोक्यात चाकं, मोटर, गिअर नसतात, ते वेगळे घ्यायचे. वर हत्यारं, रंग, अक्षरं. बेरीज केली तर तयार इंजिनापेक्षा जास्त भरू शकते. शिवाय पैसे देऊन दुसऱ्याकडून किट बांधून घेणारेही असतात, त्यांना कुठल्या रकान्यात टाकणार?

आता या दुपारींची नोंद कुठे आहे? भरपूर आहे. 'मॉडेल रेल्वे न्यूज' १९२५ पासून, 'रेल्वे मॉडेलर' १९४९ पासून. जॉन अहर्नचं 'मिनिएचर लोकोमोटिव्ह कन्स्ट्रक्शन' हे पुस्तक १९४८ चं. कोणी कुठला पत्रा वापरला, कुठला स्क्रू, काय बिनसलं, कसं निस्तरलं, याचं इतकं बारीक वर्णन इतिहासात क्वचित मिळतं. रविवारच्या दुपारी घरामागच्या शेडमध्ये बसलेल्या एका कारकुनाचे तास छापील पानांवर अमर झालेत.

आणि मार्गेटच्या कारखान्यात जिगमध्ये धरून दिवसभर चाकांचं तेच क्वार्टरिंग करणाऱ्या माणसाचे तास? हॉर्नबीच्या लिव्हरपूलमधल्या बिन्स रोडच्या कारखान्यात जोडणीच्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या इंजिनांच्या परीक्षणांत 'फिनिश उत्तम आहे' असं वाक्य येतं आणि उत्तम कोणी केलं याचा कर्ता वाक्यात नसतो. व्याकरणातच माणूस गायब. मराठीत कर्मणी प्रयोग शिकताना आपण गुणांसाठी घोकतो, पण दप्तरातली अर्धी मुस्कटदाबी कर्मणीतच चालते.

ते कामगार कधी दिसतात? काम थांबलं की. मेकॅनो कंपनी १९६४ मध्ये ट्रायँगच्या मालकांकडे गेली होती, पुढे १९७१ मध्ये मेकॅनो एअरफिक्सकडे आली, आणि नोव्हेंबर १९७९ अखेर बिन्स रोड अचानक बंद झाल्याचं जाहीर झालं. कामगारांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि कित्येक आठवडे ते आत बसून राहिले. तेव्हा वर्तमानपत्रं आली, छायाचित्रं निघाली. गिरणी संपावर काम करणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: माग चालू असताना मागवाल्याची बातमी होत नाही.

दुसऱ्याने बांधलेलं किट

१९७६-७७ च्या सुमाराला एअरफिक्स आणि पॅलिटॉयची 'मेनलाइन' यांनी तयार इंजिनांचा दर्जा वर नेला. मेनलाइनचा माल हाँगकाँगच्या केडर कंपनीकडे बनायचा. पुढे १९८७ मध्ये केडरने अमेरिकेची बाकमन कंपनीच विकत घेतली आणि १९८९ पासून बाकमन ब्रिटिश बाजारात स्वतः उतरली. हॉर्नबीने नव्वदच्या दशकात उत्पादन मार्गेटहून चीनमध्ये न्यायला सुरुवात केली. २००० मध्ये आलेलं हॉर्नबीचं 'मर्चंट नेव्ही' इंजिन या नव्या पर्वाची खूण मानलं जातं.

त्यात नवं काय होतं? जुन्या तयार इंजिनात हाताला धरायचे दांडे, पाइप, शिड्या हे सगळं साच्यातच उठवलेलं असायचं, अंगाला चिकटलेलं. आता ते वेगळे, तारेएवढे बारीक भाग झाले, आणि एकेक करून बसवलेले. छंदी लोक म्हणाले, आता तयार इंजिन किटाइतकं देखणं झालं. बरोबर आहे, कारण ते किटच होतं. शंभरच्या आसपास, कधी त्याहून जास्त सुटे भाग, चिमटा, गोंद, भिंग आणि बसून राहायची चिकाटी. फक्त चिकाटी ग्वांगडाँग प्रांतातल्या कारखान्यात पगारावर ठेवलेली. नॉर्थॅम्प्टनच्या दुकानात न्यूरेंबर्गचे हात होते, तशीच ही गोष्ट.

अमेरिकेत हे आधी झालं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारागिरांनी हाताने घडवलेली पितळी इंजिनं पॅसिफिक फास्ट मेलसारखे आयातदार अमेरिकेत विकायचे. जपानी मजुरी वाढली तसं काम कोरियात सरकलं. त्याच वेळी अमेरिकेतला साधा गिऱ्हाईक अ‍ॅथर्नच्या निळ्या खोक्यातली स्वस्त किटं घरी जोडत होता. म्हणजे 'हातकाम' श्रीमंतांसाठी आयात होत होतं आणि 'कारखान्याचा माल' सामान्य माणूस हाताने जोडत होता. आपले दोन रकाने इथे पार उलटे होतात.

मग माझा रिसर्च क्वेश्चन कसा झाला ते सांगतो. आधी होता: 'विसाव्या शतकात मॉडेल बांधण्याचं कौशल्य का घटलं?' गाइडनी समासात एवढंच लिहिलं: 'घटलं, की हललं?' तिथून प्रश्न असा झाला: एक इंजिन जोडायला लागणारे तास शतकभरात कोणाकडून कोणाकडे गेले, आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांची नोंद कुठे आणि कोणी ठेवली? पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेलं होतं, कारण 'आजकालची पोरं काही बांधत नाहीत' ही तक्रार प्लॅस्टिक आलं तेव्हाही झाली, हाँगकाँगचा माल आला तेव्हाही आणि चिनी माल आला तेव्हाही. ऱ्हासाची तक्रार हा पुरावा असतो, पण तक्रार करणाऱ्याबद्दलचा. आणि त्याच काळात १९६६ मध्ये काही हट्टी लोकांनी 'प्रोटोफोर' नावाचं नवं प्रमाण मांडलं, का तर ओओचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात आणि खऱ्या हिशेबाने ते १८.८३ हवेत. सव्वादोन मिलिमीटरसाठी सगळी चाकं बदलायची तयारी! ऱ्हासाच्या कथेत ही माणसं कुठे बसवणार?

पुण्याच्या वाचकांसाठी एक गृहपाठ. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. लहान मुलांना घेऊन सगळेच जातात. एकदा वही घेऊन जा. एकेका वस्तूसमोर थांबून लिहा: हे विकत घेतलेलं दिसतंय की इथे बनवलेलं, जोडलेलं कोणी, रंगवलेलं कोणी, दुरुस्त कोण करतं. ग्वाल्हेरला गेलात तर जयविलास महालात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची गाडी पाहा आणि तिलाही हेच प्रश्न विचारा. वाढपी वाचवायला केलेल्या त्या गाडीत मद्य आणि सिगार कोण भरत असेल, हा प्रश्न पण घ्या.

माझ्यापुढचं काम सध्या कागदांचं आहे. ट्रायँग आणि हॉर्नबी दुकानदारांना दुरुस्तीसाठी 'सर्व्हिस शीट' पाठवत. एका पानावर इंजिनाचं फोडून दाखवलेलं चित्र, प्रत्येक भागाला क्रमांक, आणि कुठला भाग आधी काढायचा त्याचा क्रम. तयार इंजिनाच्या पोटातलं किट कंपनीने स्वतःच छापून ठेवलंय. तोच क्रम उलटा वाचला तर जोडणीच्या टेबलावर कोणापुढे काय येत असेल याचा अंदाज बांधता येतो. वेगवेगळ्या दशकांतली अशी शीटं शेजारी शेजारी मांडून भाग मोजायचं काम सुरू आहे. तक्ता पुरा झाला की इथे टाकतो. तोपर्यंत कोणाच्या काकांकडे किंवा जुन्या खेळण्यांच्या दुकानात अशी शीटं पडली असतील तर खाली लिहा, मी येऊन फोटो काढून घेईन.